बारावी ओळ

पेइप्सी सरोवरावरचा बर्फ अजून धरून आहे,
पण कडेनं काळा पडलाय.
झिनोवी म्हणतो, आठवडाभरात फुटेल.
झिनोवी दर वर्षी आठवडाभरातच म्हणतो.

भट्टीवरच्या फळीवरून मी टोपली खाली घेते.
सारा हिवाळा ती तिथंच होती,
माझ्या उशीपेक्षा उबदार जागी.
चिंगळीला थंडी बाधली
की जूनमध्ये कांद्याच्या डोक्यात वारं शिरतं,
डेंगळा काढून तो फुलत बसतो
आणि खाली पोसायचं विसरतो.
(आमची मार्फा तशी नव्हती.
ती नीट पोसली, मग गेली.)

टेबलावर जुनं वर्तमानपत्र. त्यावर तीन ढीग.

पहिला आमचा. चपटा, पिवळा, बारीक मानेचा.
सासरहून मिळालेल्या वस्तूंतली
न मोडलेली ही एकच.
एक लावला की चार होतात, पाच होतात,
एकाच घरट्यात एकमेकांना ढुशा देत,
म्हणून एकही धड गोल नसतो.
तिखट असा, की चिरताना खिडकी उघडावी लागते,
बाहेर उणे वीस असलं तरी.
पण एप्रिल आला तरी वेणीत टणक,
टिचकी मारली तर उत्तर देणारा.

दुसरा जावयानं आणला, तार्तूच्या दुकानातून.
हॉलंडचा. पाकिटावर मुठीएवढा फोटो.
"आई, एकेक पाव किलो भरतो."
भरत असेल, ताव्हेत.
पाव किलोचा कांदा मी एकटी कशात घालू?
अर्धा चिरायचा, अर्धा बशीखाली झाकायचा,
मग दोन दिवस घरभर तोच,
न बोलता बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
आम्ही सात जण जेवत होतो
तेव्हा कुणी आणला नाही हा.

जन्मभर मी रंग पाहिला, मान पाहिली,
लेनिनग्राडच्या बाजारात काय भाव येईल ते पाहिलं.
यंदा पहिल्यांदा आकार पाहते आहे.
माशाच्या एका तुकड्याला पुरेल एवढा,
आणि उरणार नाही एवढा.

तिसरा ढीग कसला, पुडीच ती.
पांढरा. झिनोवीनं दिला.
"पोरं सफरचंदासारखा चावून खातात," म्हणाला,
आणि खरं तेही लगेच सांगून टाकलं:
सप्टेंबर सरला की कोंब, नाहीतर मऊ.
वेणीत गुंफू नकोस, शेजारच्यांना नासवेल.

असला कांदा कोल्क्यात कुणी लावत नाही.
टिकत नाही त्याला आम्ही कांदाच म्हणत नाही.

वाफे मी पानगळीतच भरून ठेवलेत,
गुडघ्याइतके उंच, तळ्यातला गाळ घालून.
उंच वाफ्याची माती लवकर तापते
आणि कंबर कमी वाकते.
दुसरं कारण मला गेल्याच वर्षी कळलं.

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
पेन्सिलीनं बारा ओळी आखते.
अकरा आमच्या, यात वाद नाही.
हॉलंडचे झिनोवीला. रस्त्याकडेला पिकवून टांगेल तो,
मोटारीतून येणाऱ्यांना मोठं दिसलं की पुरतं.

बाराव्या ओळीपाशी पेन्सिल थांबते.
खोडते. पुन्हा आखते.
उगाच उठून चहा टाकते.
अकरा ओळी मला पुरून उरतील,
बारावीची गरज नाही. तरी लिहिते: पांढरा.

रविवारी प्रार्थनेहून आले की मार्फाला फोन करीन.
हवा सांगीन, गुडघ्याचं सांगीन,
आणि ठेवता ठेवता म्हणेन,
यंदा एक ओळ नवीन लावतेय,
केर्तूला आवडेल असा, गोड.
नाही गं, पाठवता नाही येत.
वाटेत मऊ पडतो तो.
ऑगस्टमध्ये इथं येऊनच खावा लागतो.